मावशी, थ्री पॉइंट झिरोवर कुणी डॉक्टर होतं का?

मी समुपदेशक; मे-जून उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून मला एक फोन हमखास येतो. फोन आईचा असतो, आणि ज्याच्यासाठी केलेला असतो तो शेजारच्या खोलीत दार लावून बसलेला असतो. "ताई, डिग्री झाली, पण जीपीए तीनच्या आसपासच. मेडिकलचं आता काही खरं नाही ना?" त्याच आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी 'अमक्याची मुलगी लागली' ही बातमी दिलेली असते. इथल्या एम.डी. कॉलेजांत, म्हणजे पदवीनंतर जिथे डॉक्टरकी शिकतात तिथे, प्रवेश मिळालेल्या मुलांचा सरासरी जीपीए (चारपैकी मोजलेली ग्रेडची सरासरी) ३.८च्या जवळपास आणि प्रवेशपरीक्षा एमकॅट ५११-५१२ असते, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. सरासरीच्या खालीही माणसं असतात, हे मात्र इंजिनियर बापालाही त्या वेळी आठवत नाही.

म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. त्याला अमेय म्हणू.

अमेय २२ वर्षांचा, बायॉलॉजीचा पदवीधर. जीपीए ३.०. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स मिळून सायन्सचा जो वेगळा काढतात, तो २.८. एमकॅट एकदा दिलेली, ४९९. पहिल्या भेटीला वडीलही आले आणि बहुतेक तेच बोलले. सोलापूरहून शिकून आलेला, बारावीच्या मार्कांवर आयुष्य उभं केलेला माणूस. योजना ठरवूनच आले होते. "एमकॅट परत देऊ दे. ५१८ आणली की जीपीए कोण बघतंय? माझा पुतण्या नीटला दोनदा ड्रॉप घेऊन लागलाच की."

त्यांना माहीत असलेली व्यवस्था तशीच आहे. बारावीची पात्रता असली की नीटची रँक बोलते, मागची वर्षं कुणी उकरत नाही. इथे उकरतात. एमकॅट ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात, आयुष्यात सातदाच देता येते, आणि जुने मार्क नव्यांच्या शेजारी कॉलेजांना दिसत राहतात. शिवाय जीपीए खाली आणि एमकॅट भरघोस असा अर्ज आला की वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा: पोराला डोकं आहे, बसायची सवय नाही. मेडिकलला तर बैठकच लागते.

दुसऱ्या भेटीपासून अमेय एकटा येऊ लागला. कित्येक आठवडे त्याचा एकच सूर होता. "मावशी, मी तेवढा स्मार्ट नाहीये. कागदावरच लिहिलंय ते."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करणारी. प्रसंग माणसाला पाडतो त्याहून जास्त त्या प्रसंगाचा त्याने स्वतःपुरता लावलेला अर्थ पाडतो, असं मानते. त्यामुळे 'तू हुशार आहेस रे' असा धीर मी देत नाही. तो त्याला आजीपासून सगळ्यांनी देऊन झाला होता. मी म्हटलं, कागदावर लिहिलंय म्हणतोस ना, मग कागदच घेऊन ये.

एम.डी. कॉलेजांचा सामायिक अर्ज म्हणजे ॲमकास. त्यात जीपीए एका आकड्यात जात नाही. त्याचा तक्ता असतो: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सिनिअर अशा चार वर्षांच्या ओळी, आणि पदवीनंतर कोर्स घेतले असतील तर त्यांची आणखी एक ओळ. प्रत्येक ओळीत सायन्स वेगळं, बाकीचे विषय वेगळे, एकूण वेगळं. तसाच तक्ता आम्ही टेबलावर पेन्सिलीने आखला. ट्रान्सक्रिप्ट बघून तो भरत गेला. फ्रेशमन ३.३. सोफोमोर २.४. ज्युनिअर २.९. सिनिअर ३.४.

"सोफोमोरला काय झालं?"

"ऑर्गो, म्हणजे ऑर्गॅनिक केमिस्ट्री. सी मायनस. फिजिक्सला सी."

"प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, शंका विचारायला जायचास?"

"नाही."

"का रे?"

"तिथे ज्यांना येत नाही ते जातात." मग स्वतःच थांबला. "म्हणजे मला येत होतं असं नाही. पण गेलो असतो तर दिसलं असतं."

"कुणाला?"

पेन्सिलीचं टोक त्याने त्या २.४वर इतकं गिरवलं की कागद फाटायला आला. "बाबांना. आणि मला पण."

मी त्यावर काही बोलले नाही. बोट खालच्या ओळीवर ठेवलं. "आणि इथे? ३.४ कसे आले?"

"बायोकेमची लॅब पार्टनर होती. आम्ही रोज लायब्ररीत बसून प्रॉब्लेम्स सोडवायचो. ती मला समजावायची, मग मी तिला."

"म्हणजे मदत घेतलीस."

तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग हसला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं, आणि हे लिहिताना थोडा अभिमानही वाटतोय, तो लपवत नाही. हायस्कूलपर्यंत एकदा वाचून ए मिळवणाऱ्या या मुलाने स्वतःला एक अट घातली होती: हुशार माणसाला मदत लागत नाही, लागली, तर तो हुशार नव्हताच. ऑर्गोत तो बुडाला तो या अटीपायी. आणि एमकॅट परत देऊन एका दिवसात सिद्ध करून दाखवायची घाई हीसुद्धा तीच अट, नवे कपडे घालून आलेली. वडिलांनी तिला खतपाणी घातलं, पण मूळ तिचं त्याच्यातच होतं. असं नातं लक्षात आलं की पुढचं काम मी कितीतरी हलक्या हाताने करू शकते.

मग गणित मांडलं. पदवीचे १२० क्रेडिट्स ३.०ने झालेले. वर ३० क्रेडिट्स घेतले आणि सगळीकडे ए मिळवला तर? त्याने फोनवर हिशेब केला. ३.२.

"फक्त पॉइंट टू? अख्खं वर्ष घालवून?"

"आता तक्त्यात बघ. पाचवी ओळ काय झाली?"

"४.०."

एकूण आकडा हलत नाही म्हणून मुलं हाय खातात आणि सोडून देतात. काही कॉलेजं एका आकड्याखालचे अर्ज बाजूला काढतात, हे खरंच. पण जिथे अर्ज माणूस वाचतो, तिथे तो ताज्या ओळी वाचतो. आजचा अमेय काय करू शकतो, हे सांगणारी दुसरी जागा अर्जात नाही.

ओळ कशाने भरायची, याबद्दल पालकांचे बरेच गैरसमज असतात. जुना कोर्स परत केला की जुनी ग्रेड पुसली जाते, हा त्यातला मोठा. ॲमकास दोन्ही ग्रेड धरतं. डॉक्टर होण्याची दुसरी वाट म्हणजे ऑस्टिओपॅथिक किंवा डी.ओ. कॉलेजं; त्यांच्या अर्जातली पुसण्याची सवलतही २०१७ साली गेली. म्हणून सी मिळालेले कोर्स उकरून काढू नयेत. सी मायनस मात्र परत करावा, कारण सक्तीच्या विषयांत पुष्कळ कॉलेजं निदान सी मागतात. अमेयने ऑर्गो परत केलं आणि बाकी वरच्या पातळीचे विषय घेतले: फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी. घराजवळच्या सरकारी विद्यापीठात, पदवीनंतरचा विद्यार्थी म्हणून. मेडिकल कॉलेजांशी जोडलेले एक वर्षाचे खास मास्टर्स कोर्सही असतात. जॉर्जटाउनचा फिजिऑलॉजीचा त्यातला जुना. ते महाग असतात आणि दुधारी. मास्टर्सच्या ग्रेड पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत, आणि तिथेही घसरलात तर समजूत घालायला जागा उरत नाही. टेक्सासच्या रहिवाशांना दहा वर्षांपेक्षा जुने कोर्स सोडून देता येतात. पण त्यात चांगल्या ग्रेडही जातात, आणि आमच्या बाविशीतल्या मुलांना त्याचा उपयोग नाही.

पहिल्याच महिन्यात तो ऑफिस अवर्सना गेला. मला मेसेज आला, "रांगेत सगळे ए वाले होते." मी उत्तरादाखल नुसता हसरा चेहरा पाठवला.

संध्याकाळी तो एका दवाखान्यात स्क्राइबचं काम करायचा, म्हणजे डॉक्टर तपासत असताना नोंदी टाइप करायच्या. अर्जासोबतच्या त्याच्या निबंधाचा पहिला खर्डा बघितला तर ५,३०० अक्षरांतली निम्मी ऑर्गोवर खर्च केलेली. मी दोन वाक्यं ठेवायला लावली आणि उरलेली जागा दवाखान्यातल्या माणसांना दिली. एमकॅट शेवटी दिली, विषय पक्के झाल्यावर. ५०९. अर्ज पुढच्या जूनमध्ये, खिडकी उघडल्या उघडल्या, कारण इथे जागा भरत भरत जातात. यादीत आपल्या राज्यातली कॉलेजं आधी घातली. रोवन विद्यापीठाकडे तर एम.डी. आणि डी.ओ. अशी दोन्ही कॉलेजं आहेत. कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांचं माहितीपत्रक वडिलांनी आणलं होतं. प्रवेश तिथे सोपा, पण मधेच गळणारे फार आणि परतून रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, मिळवणं अवघड. ते मी शेवटच्या पानावर ढकललं.

अमेय एका डी.ओ. कॉलेजात लागला. वडिलांचा फोन आला. आनंद होताच, पण आवाज जरा खाली आणून म्हणाले, "ताई, डी.ओ. म्हणजे ते पाठ दाबून देणारे का?" मी म्हटलं, "नाही हो. पूर्ण डॉक्टर. औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात, पन्नासही राज्यांत लायसन्स मिळतं. २०२०पासून एम.डी. आणि डी.ओ. एकाच मॅचमधून, म्हणजे एकाच जागावाटपातून, रेसिडेन्सीला जातात." डर्मेटॉलॉजी, न्यूरोसर्जरीसारख्या चुरशीच्या शाखांत डी.ओ. मुलांना अजून जड जातं, हेही मी सांगून टाकलं. पुढे कळून रुसण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. अमेयला सध्या फॅमिली मेडिसिन करायचंय. तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेला की बदलेलही. बऱ्याच जणांचं बदलतं.