डिपॉझिट चार हजार, पुतण्या तीन हजार

प्रश्न : मी 66 वर्षांचा, इंदूरला रामबागेत राहतो. पत्नी न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. खासगी रुग्णालयात ऑपरेशन ठरलं, दोन पिशव्या रक्त लागेल म्हणाले. ज्या रक्तपेढीत पाठवलं तिथे दोन पिशव्यांचे 3,100 रुपये घेतले, त्याची छापील पावती आहे. शिवाय ‘दोन डोनर आणा, तोवर 4,000 डिपॉझिट’ म्हणून पैसे घेतले, त्याची नुसती कोऱ्या कागदावरची पर्ची. पर्चीमागे पेनाने एक मोबाइल नंबर लिहिलाय, कुणाचा ते ठाऊक नाही. पहिली पिशवी दिली, दुसरी ‘एक तरी डोनर झाल्यावर’. माझं वय बसेना, मुलगा पुण्याला, भाचा धावत आला तर त्याचं हिमोग्लोबिन 11.8. बाहेर एकाने गाठलं, “टेन्शन मत लो अंकल, डोनर हो जाएगा.” 3,000 घेऊन एक पोरगा आणला. काउंटरवर विचारलं, “ये आपके कौन?” मी म्हणालो, “भतीजा.” नंतर बाहेर त्या माणसाने पोराच्या हातावर पाचशेची नोट ठेवलेली मी पाहिली. आता डिपॉझिटचे 2,000 परत मिळालेत, उरलेल्या 2,000 साठी ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून मागतायत. 11 दिवस झाले. तक्रार केली तर मीच अडकेन का?

उत्तर :

काका, तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याआधी एक काम आजच्या आज उरकायचं आहे. उद्यावर टाकू नका.

तुमच्या ‘पुतण्या’चं रक्त काकूंना चढलेलं नाही. काकूंना दिलं ते पेढीच्या फ्रिजमधलं, आधी तपासून ठेवलेलं. त्या पोराची पिशवी बदल्यात तिथे गेली, आणि ती आज एकतर त्या फ्रिजमध्ये पडून आहे किंवा दुसऱ्याच कुणाच्या शिरेत गेली आहे. लाल पेशी योग्य द्रावणात 42 दिवसांपर्यंत टिकतात आणि तुमचे 11 झालेत. म्हणजे पिशवी अजून हाती लागण्याची बरीच शक्यता आहे.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशा पाच गोष्टींसाठी तपासणी सक्तीची आहे. पण लागण नुकतीच झाली असेल तर काही दिवस ती तपासणीत सापडतच नाही. म्हणून रक्त घेण्याआधी माणसाला प्रश्न विचारतात आणि त्याच्या खऱ्या उत्तरावर अर्धी भिस्त ठेवतात. पाचशे रुपयांसाठी उभा राहिलेला पोरगा खरं कशाला सांगेल? पुरुषाने दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर ठेवायचं असतं. तो मागच्या महिन्यात आणखी कुणाचा पुतण्या झाला असेल, ते त्यालाच माहीत.

तेव्हा पेढीच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने ईमेल करा. त्यात तारीख, वेळ आणि डोनर-स्लिपवरचा पिशवीचा क्रमांक द्या. स्लिप काउंटरवर जमा करण्याआधी तुम्ही मोबाइलवर फोटो काढला होतात, असं पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंय. तो आता सोन्याचा आहे. मजकूर चार ओळींत संपवा : हा रक्तदाता माझा नातेवाईक नाही, त्याला पैसे दिले गेले, कृपया ही पिशवी वापरातून बाजूला काढा आणि दिली गेली असल्यास रुग्णाच्या डॉक्टरांना कळवा. शिव्या, विशेषणं, पैशांची मागणी यातलं काही त्या पत्रात नको. अनोळखी माणसाचा जीव वाचू शकतो हे एक कारण. दुसरं वकिली कारण असं की, स्वतःहून आणि लगेच कळवणाऱ्याला कायद्यात फसवणारा ठरवणं फार अवघड जातं.

आता तुम्ही अडकाल का ते पाहू.

आपल्याकडे माणसाचं रक्त कायद्याने ‘औषध’ आहे. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे 1945 चे नियम त्याला लागू होतात. त्या नियमांत व्यावसायिक रक्तदात्याची व्याख्या आहे : रुग्णाच्या वतीने, कुणाकडूनही, पैशाच्या वा वस्तूच्या रूपात मोबदला घेऊन रक्त देणारा. ‘कुणाकडूनही’ हा शब्द तुमच्या प्रकरणासाठीच लिहिल्यासारखा आहे. पैसे पेढीने दिले, दलालाने दिले की तुम्ही, फरक पडत नाही. (शिबिरात मिळणारा बिल्ला, प्रमाणपत्र, सुट्टी किंवा किरकोळ भेटवस्तू मात्र मोबदला धरत नाहीत. हे सांगते, कारण आमच्या कॉलनीत दरवर्षी टिफिनच्या डब्यावरून वाद होतो.)

पण बंदी कुणावर आहे ते नीट बघा. व्यावसायिक दात्याचं रक्त घेऊ नये, ही परवान्याची अट आहे आणि परवाना पेढीचा आहे. पैसे देणाऱ्या हतबल नातेवाइकाला शिक्षा करण्यासाठी ते नियम लिहिलेले नाहीत. तुमचं ‘भतीजा’ खोटं होतं आणि ते मी झाकणार नाही, तुम्हीही झाकू नका. पण दुसरी पिशवी अडवून धरलेली असताना, आत ऑपरेशनची तयारी चाललेली असताना तोंडून निघालेला तो शब्द आहे. नात्याचा कसलाही पुरावा न बघता सुई टोचणं ही पेढीची चूक त्याहून कितीतरी मोठी. माझ्या मते तुमच्यावर स्वतंत्र गुन्हा दाखल होण्याची शक्यता फार कमी आहे. अगदी शून्य आहे असं कुठलाही प्रामाणिक वकील म्हणणार नाही. म्हणून तक्रारीत स्वतःचा भाग गाळू नका. अर्धवट तक्रार केलीत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो ‘भतीजा’ बाहेर काढेल आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटू लागतील.

आता या सगळ्याचं मूळ. 1992 मध्ये एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या काळी देशातल्या निम्म्याहून अधिक रक्तपेढ्या विनापरवाना चालत होत्या आणि रक्त विकून पोट भरणाऱ्यांची रांग लागत असे. 4 जानेवारी 1996 ला निकाल आला : सगळ्या पेढ्यांना वर्षभरात परवाना, व्यावसायिक दाते दोन वर्षांत पूर्ण बंद, देखरेखीला राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि राज्याराज्यांत तशाच परिषदा. 2002 मध्ये राष्ट्रीय रक्त धोरण आलं. बदली रक्तदात्यांची पद्धत हळूहळू संपवून शंभर टक्के स्वेच्छा रक्तदानावर यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

हे धोरण येऊन वीस वर्षं उलटून गेली, तरी काउंटरवर आजही “डोनर लाओ” ऐकू येतं. दलाल हा त्या दोन शब्दांवर जगतो. ज्याच्या घरात कुणी तरुण, निरोगी, शहरात हजर असलेलं माणूस नाही, त्याच्याकडे दोनच वाटा उरतात : हात जोडणं किंवा पाकीट उघडणं. तुमच्या घरची गोष्ट हेच सांगते. तुमचं वय 65 च्या वर, भाच्याचं हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली. दोघांना नाकारलं ते अगदी बरोबर. पण नियमाने नातेवाईक नाकारायचे आणि वर नातेवाईकच हवा म्हणून हटून बसायचं, यातून दलालाशिवाय दुसरं काय निघणार? धोरण आखणाऱ्यांना हे कळलं होतं. काउंटरवरच्यांना ते कळून घ्यायचं नाही, कारण बदली दाता हा पेढीसाठी बिनकष्टाचा साठा आहे. शिबिरं भरवायला मेहनत लागते.

इथे एक वकिली बारकावा आहे. धोरण म्हणजे कायद्याचं कलम नव्हे. ‘बदली दाता’, म्हणजे रुग्णाचा नातेवाईक किंवा घरोब्याचा मित्र, नियमांत मान्य आहे आणि त्याचं रक्त घेणं गुन्हा नाही. त्यामुळे तक्रारीत ‘डोनर मागितला हा गुन्हा’ असं लिहाल तर पहिल्याच वाक्यात पडाल. असं लिहा : डोनरची सक्ती केली, त्यासाठी रक्त अडवलं, त्यासाठी बिनपावतीचं डिपॉझिट घेतलं आणि त्या सक्तीमुळे व्यावसायिक दात्याचं रक्त पेढीत आलं. आधीच्या तीन गोष्टी शेवटच्या गोष्टीची कारणं आहेत आणि शेवटची परवान्याच्या अटीचा भंग आहे. क्रम असाच ठेवा.

पैशांचं म्हणाल तर रक्ताला किंमत नाही, फक्त तपासणी-साठवणुकीचा खर्च घेता येतो. राष्ट्रीय परिषदेने 2022 मध्ये ठरवलेल्या दरांप्रमाणे लाल पेशींच्या एका पिशवीला सरकारी पेढीत 1,100 आणि खासगीत 1,550 रुपये. डिसेंबर 2023 मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनी सगळ्या राज्यांना पत्र पाठवून याची आठवण दिली की रक्त विकण्याची वस्तू नाही, प्रक्रिया शुल्काखेरीज काही घेऊ नका. तुमचे 3,100 बरोबर आहेत, त्याबद्दल भांडू नका. डिपॉझिट मात्र कुठल्याच दरपत्रकात बसत नाही. (2020 पासून नियमांत ‘ब्लड बँक’ जाऊन ‘ब्लड सेंटर’ आलंय, तक्रारीत तेच नाव घाला. बँक म्हटलं की ठेव आलीच, ती सवय बहुधा अजून सुटलेली नाही.)

तक्रार जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ड्रग इन्स्पेक्टरकडे, करायची. एक प्रत भोपाळला राज्य रक्त संक्रमण परिषदेला. हिंदीत लिहा, आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांसाठी नाही लिहायचं ते. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत तीच तक्रार, पोचपावतीच्या झेरॉक्ससह. 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही नोंदवता येते, फक्त तिथे ‘समाधान झालं’ म्हणून तक्रार बंद करायला फोन येतो तेव्हा घाईने हो म्हणू नका.

उरलेले 2,000 आणि मनस्ताप यांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून नावानिशी नोंदलेली आहे. कोऱ्या कागदावरची ती पर्ची म्हणजे पेढीने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा. तुमच्या दाव्याला फी लागणार नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि इंदुरात राहता म्हणून इंदुरातच दाखल करता येईल. दोन हजारांसाठी मला किंवा कुणालाही वकील लावू नका. स्वतः उभे राहा, आयोगासमोर ते चालतं. दलालाला दिलेले 3,000 परत मागू नका. बेकायदा व्यवहारातला पैसा वसूल करायला कुठलंही न्यायासन मदत करत नाही, आणि मागितलेत तर तुमची बाकीची बाजू लंगडी होईल.

‘काही तक्रार नाही’ या कागदावर सही करू नका. ‘डिपॉझिटपैकी 2,000 रुपये परत मिळाले’ एवढंच लिहून, तारीख घालून सही द्यायची तयारी दाखवा. तेवढ्यावर देत नसतील तर राहू द्यात. त्या नकाराचाही उल्लेख तक्रारीत येईल, कारण काहीच चुकलं नसेल तर तसं लिहून कशाला हवंय?

त्या पोराबद्दल. पाचशे रुपयांत ज्याचं रक्त गेलं त्याला शोधून धडा शिकवण्याच्या फंदात पडू नका. तक्रारीत त्याचं वर्णन घाला, राग दलालासाठी आणि काउंटरसाठी ठेवा.

शेवटचं, ती पर्ची. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि कुणालाही, अगदी पेढीलाही, हातात देऊ नका. मागच्या नंबरवर स्वतः फोन लावू नका. दलालाने तुम्हाला फोन केला होता का, ते त्या दिवशीच्या कॉल यादीत बघा. तोच नंबर निघाला तर तक्रारीत एकच ओळ वाढवा : डिपॉझिटच्या पर्चीवर, रक्तपेढीच्या काउंटरवर, हा नंबर कुणी लिहिला?