शेवटच्या फेरीत जिंकणं भागच असेल, तर बुद्धिबळाचा डाव कसा खेळावा?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या फेरीत तुम्हाला पूर्ण गुण हवा होता, समोरच्याला अर्धा पुरत होता. तुम्ही सुरुवातीपासूनच हल्ला चढवलात आणि हरलात. असे डाव मीही घालवलेत. एच७ वर, म्हणजे काळ्या राजापुढच्या घरात, उंट द्यायचा, राजाला बाहेर ओढायचं, चार शह द्यायचे आणि शह संपले की उरलेला तास एका उंटाने मागे राहून काढायचा. त्या संध्याकाळी जेवण जात नाही.

इतक्या वर्षांच्या स्पर्धांनंतर माझं मत पक्कं झालंय. जिंकायचंच असेल तर घाई करू नका, पटावरचा ताण, म्हणजे समोरासमोर भिडलेल्या मोहऱ्यांची टांगती मारामारी, मोडू नका. बरोबरीवर समाधानी असलेला खेळाडू काय करतो ते आठवा. समोरासमोर आलेली प्यादी लगेच मारतो, वजिराला वजीर भिडवतो, पट रिकामा करत जातो. त्याला ते करू द्यायचं नाही. प्रत्येक चालीला त्याला काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे १९८७ ची सेव्हिलची जगज्जेतेपदाची लढत. २३ डावांनंतर आव्हानवीर कारपोव्ह १२–११ असा पुढे होता. जगज्जेत्या कास्पारोव्हला मुकुट राखायचा तर २४ वा, शेवटचा डाव जिंकणं भाग होतं. कास्पारोव्ह म्हणजे हल्ल्याचा बादशहा. पण त्या दिवशी त्याने सी४ ने, म्हणजे सी पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे टाकून, शांत सुरुवात केली, घोडा काढला, जी३, बी३ अशी प्यादी सरकवली, मारामारीची घाई केली नाही. कारपोव्हला बरोबरी पुरे होती, पण ती मिळणार कुठून तेच दिसेना, आणि घड्याळ संपत आलं. डाव तहकूब झाला तेव्हा कास्पारोव्हकडे एक प्यादं जास्त होतं. दुसऱ्या दिवशी ६४ व्या चालीला कारपोव्हने डाव सोडला. १२–१२, आणि लढत बरोबरीत सुटल्याने मुकुट आधीच्या जगज्जेत्याकडे, कास्पारोव्हकडेच. मला आजही तो डाव पटावर मांडला की अंगावर काटा येतो.

म्हणजे मारामारी अजिबात करायची नाही का? तसंही नाही. माझाच एक डाव सांगतो. शेवटची फेरी, ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद, माझ्याकडे पांढरी मोहरी. समोर कॉलेजातला मुलगा, मानांकन माझ्यापेक्षा बरंच वरचं. त्याचं डी५ वरचं प्यादं एकटं पडलं होतं. म्हणून उंट-घोडे मी खुशाल जाऊ दिले, कारण त्या प्याद्याला जपणारेच कमी होत होते. पण शेवटचा हत्ती त्याने समोर आणला तेव्हा मी माझा बाजूला घेतला. नुसत्या राजा-प्याद्यांचा शेवट मोजून पाहिला होता, तो बरोबरीत जात होता. ३१ व्या चालीला त्याने हळूच 'ड्रॉ?' विचारलं. मी नको म्हटलं, आणि त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

पुढे माझा राजा डी४ वर, हत्ती ए५ वर. त्याचा राजा ई६ वर आणि हत्ती डी६ वर, डी५ जपण्यात जखडलेला. मी काहीच केलं नाही. हत्ती मागे, हत्ती पुढे. तीच स्थिती दोनदा येऊ दिली, तिसऱ्यांदा येऊन बरोबरी होणार नाही याची काळजी घेतली, आणि दर चालीचे ३० सेकंद साठवले. नुसतं बसून राहणं त्याला सहन झालं नाही. त्याने जीचं प्यादं दोन घरं रेटलं, एच६ चा आधार गेला. मी एचचं प्यादं पुढे टाकलं, जीची पट्टी उघडली, हत्ती तिकडून आत शिरला. डी५ आणि एच६ दोन्हीकडे तो पुरा पडेना.

काळी मोहरी आली म्हणूनही हिरमुसू नका. २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेशने डिंग लिरेनविरुद्धचा १४ वा, शेवटचा डाव काळ्यानेच जिंकला. ६.५–६.५ अशी स्थिती, दोघांकडे एकेक हत्ती-उंट, गुकेशचं एक प्यादं जास्त, पण शास्त्राप्रमाणे बरोबरी. तो मात्र खेळत राहिला. डिंगकडे वेळ थोडा, त्याच्याकडे भरपूर. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्यामुळे गुकेशने हत्ती मारून उंट डी५ वर ठेवताच उंटांचीही मारामारी अटळ झाली, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट सरळ जिंकणारा होता. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनेही २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्धचा निर्णायक जलद डाव काळ्यानेच जिंकला.

तुमच्या प्रश्नातली शेवटची शंका: बरोबरीचा प्रस्ताव आला की काय करावं? नियमाप्रमाणे समोरच्याने आधी चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. म्हणजे त्या क्षणी चाल तुमची असते आणि प्रस्ताव तुम्ही चालीसाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत उभा असतो. तोंडाने लगेच 'नाही' म्हणायची गरज नाही, मीही आता म्हणत नाही. आधी पट नीट बघा, दोघांची घड्याळं बघा. स्थिती खरोखर वाईट असेल तर अर्धा गुण घ्या, त्यात कमीपणा नाही. बरी असेल तर सावकाश विचार करून चाल करा, तोच नकार.