हातातला बॉल सुटला, आता माईकवर जमेल का?

“हातात बॉल नसला की मी काय करलालोय तेच कळना, सर.”

लातूरजवळच्या गावातला हा २७ वर्षांचा बास्केटबॉल खेळाडू एका खात्याच्या संघात गार्डच्या जागेवर, करारावर खेळायचा. उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारं लिगामेंट, दुसऱ्यांदा फाटलं आणि डॉक्टरांनी स्पर्धेचा खेळ बंद करायला सांगितलं. करारही वाढला नाही. मित्र म्हणाले, कॉमेंट्री कर. खेळ सुटलेले बरेच जण विचारतात तेच त्यानंही विचारलं: बोलण्याचं काम मला जमेल, की ही नुसती मनाची समजूत? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनाच्या पहिल्या तीन भेटींत माईकचा विषय काढला नाही. रात्री तीनपर्यंत झोप नाही, मॅच लागली की टीव्ही बंद, बूट पोत्यात बांधून बाजेखाली. हे दुःखच आहे, त्याला आळस म्हणू नये. खेळाडूचा दिवस सरावाच्या वेळेला टांगलेला असतो. ती वेळ रिकामी झाली की सगळा दिवस ढासळतो. म्हणून पहाटे साडेपाचची वेळ तशीच ठेवली आणि त्या वेळेत फिजिओनं दिलेले गुडघ्याचे व्यायाम बसवले. झोप हळूहळू रुळावर आली. मात्र दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावाच. जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तरी थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

त्याची खरी भीती वेगळीच होती. तो भरभर बोलायचा, अडखळायचा आणि आपली बोली गावठी म्हणून लाजायचा. त्याला बिल वॉल्टनबद्दल सांगितलं. 1977 मध्ये पोर्टलँडला एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळवून देणारा, 1978 चा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. पायाच्या दुखापतींनी त्याचे अख्खे मोसम खाल्ले. वयाच्या 28 व्या वर्षापर्यंत तो जबर तोतरा बोलायचा. मार्टी ग्लिकमन या समालोचकानं त्याला शिकवलं की बोलणं हेही खेळासारखंच सरावानं येतं. पुढे तोच माणूस टीव्हीवर वर्षानुवर्षं बोलत राहिला.

मग घरचा सराव ठरला. जुन्या मॅचचा आवाज बंद करायचा आणि एक क्वार्टर, म्हणजे घड्याळाची 10 मिनिटं, मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायची. पहिल्या आठवड्यात फक्त बॉल कुणाकडे, कुठे आणि काय झालं एवढंच. दुसऱ्यात त्यात स्कोअर आणि उरलेला वेळ. ‘का झालं’ ते तिसऱ्या आठवड्यापासून, आणि तेही खेळ थांबल्यावरच.

इथेच बहुतेक खेळाडू फसतात. त्यांना एका नजरेत पाच गोष्टी दिसतात आणि पाचही सांगायच्या असतात. आमचा गडीही स्क्रीन (सोबत्याला मोकळं करायला बचावपटूची वाट अडवणं) कसा लावला ते समजावत बसायचा, तोवर चढाईचे 24 सेकंद संपून समोरच्यांचा लेअपही (बास्केटजवळ जाऊन टाकलेला बॉल) होऊन जायचा. दोन फ्री थ्रो किंवा मिनिटभराचा टाइमआउट मिळाला की तेव्हा एकच कारण सांगायचं: “डिफेंडर स्क्रीनच्या मागून गेला, म्हणून शूटर मोकळा सुटला.” हे दुसऱ्या कुणाला दिसत नाही, त्याला दिसतं. गुडघा गेला तरी ही नजर शाबूत आहे, हे त्याला स्वतःच्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं. आमच्या सांगण्यानं ते झालं नसतं.

बोली बदलायला लावली नाही. नावं आणि आकडे तेवढे स्वच्छ हवेत. मराठीत खरी अडचण आकड्यांची. बास्केटबॉलचा स्कोअर नेमका पन्नास ते नव्वदमध्ये घुटमळतो आणि एकोणसाठ-एकोणसत्तर, सहासष्ट-सदुसष्ट घाईत सारखेच ऐकू येतात. म्हणून रोज पन्नास ते नव्व्याण्णव मोठ्यानं म्हणायचे, चालत चालत, म्हणजे दम लागलेला असतानाही शब्द तुटत नाहीत. मॅचच्या आदल्या रात्री दोन्ही संघांच्या बारा-बारा खेळाडूंचे जर्सी नंबर, नावं आणि जागा एका पुठ्ठ्यावर लिहायच्या. नावाचा उच्चार खेळाडूलाच विचारायचा.

पैशाचं वडिलांनी विचारलं ते रास्तच. जिल्हा पातळीवर माईकवर घर चालत नाही. म्हणून सकाळी शाळेत कोचिंग आणि शनिवार-रविवारी स्पर्धांची कॉमेंट्री, असं त्यानं सुरू केलं. रेडिओसाठी स्वरचाचणीची तयारीही चालू आहे.

बूट अजून पोत्यातच आहेत. ते बाहेर काढण्याची घाई केलेली नाही. मागच्या महिन्यात त्याच्या पहिल्या स्पर्धेचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. वडील सोयाबीनच्या राशीजवळ बसून मोबाइलवर ऐकत होते. हाफ टाइमला त्यांचा फोन आला: “आरं, सत्तावन्न म्हणलास का सदुसष्ट?”