अंमलदार, मामलेदार आणि मामुली हे शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत का?

हो, तिन्ही एकाच घरचे. त्यांच्या शेजारी ‘अमली पदार्थ’ही बसवा, तोही त्याच घरातला.

अरबी धातूत बहुधा तीन व्यंजनं असतात. इथे ती ऐन, मीम, लाम; अर्थ ‘काम करणं’. व्यंजनं तीच राहतात, स्वर बदलतात, एखादं अक्षर जोडलं जातं आणि नवा शब्द तयार. ‘अमल’ म्हणजे कृती, ‘आमिल’ करणारा, ‘मामूल’ केलेलं. आपल्या ‘कृ’पासून कर्ता, कर्म, कार्य होतात तसंच.

कुराणात (९:६०) जकात गोळा करणाऱ्यांना ‘आमिलीन’ म्हटलंय. पुढे प्रांताचा कारभारी, करवसुली करणारा अधिकारी तो आमिल. ‘अमल’ला फारसी ‘दार’ लागून अंमलदार झाला, तो आजही पोलीस ठाण्यात ‘ठाणे अंमलदार’ म्हणून बसलेला आहे. भांगेचाही अंमल चढतो, त्यातूनच ‘अमली’.

मामलेदाराचं मूळ मात्र पटकन दिसत नाही. मोडी कागद वाचायला शिकत होतो तेव्हा मी ते ‘माल’शी जोडून मोकळा झालो होतो. मूळ शब्द ‘मुआमला’. हा साचा दोघांमधल्या क्रियेचा, म्हणून अर्थ परस्पर व्यवहार. इस्लामी कायद्यात ‘इबादात’ म्हणजे उपासना आणि ‘मुआमलात’ म्हणजे खरेदी-विक्री, भाडं, करार वगैरे. घशातून काढायचा तो ऐन आपल्याकडे येईतो गळून पडला, उरला मामला. तो सांभाळणारा मामलेदार.

‘मामूल’ म्हणजे केलं जाणारं, म्हणून नेहमीचं, रीतीचं. जुन्या कागदांत ‘मामूलप्रमाणे’ म्हणजे शिरस्त्याप्रमाणे. नेहमीचं ते साधं आणि साधं ते क्षुल्लक, असं उतरत ‘मामुली’ आजच्या अर्थाला आला. तमिळमध्ये तर ‘मामूल’ म्हणजे ठरलेला हप्ता, लाच!

मला सगळ्यात आवडतो तो अरबी व्याकरणातला अर्थ. जो शब्द दुसऱ्या शब्दाचा शेवट बदलायला लावतो तो आमिल, ज्याचा शेवट बदलतो तो मामूल. ‘बैतु’ म्हणजे घर. आधी ‘फी’ (मध्ये) आला की ते ‘बैति’ होतं. मराठीत ‘ला’ लागताच घोडा ‘घोड्या’ होतो, साधारण तसंच. अकराव्या शतकात व्याकरणकार अब्दुल काहिर अल-जुर्जानी यांनी असे शंभर आमिल मोजून मांडले. म्हणजे शब्दांवरही अंमल चालवणारे अंमलदार आहेतच.

फक्त एक घोळ टाळा. ‘आशा’ या अर्थाचा अरबी ‘अमल’ ऐनने नाही, हमजा या वेगळ्या व्यंजनाने सुरू होतो. त्याचा धातूच वेगळा. आणि ‘निर्मळ’ या अर्थाचा ‘अमल’ तर संस्कृत. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे नावांचे अर्थ सांगताना लोक हमखास चुकतात.