सवय मरते की माणूस?

प्रश्न : ताई, आमचे मोठे साहेब लंडनचे. मला नावानेच हाक मारा असं त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलेलं, पण परवा मेलमध्ये सवयीने माझ्याकडून परत 'सर' गेलं तर त्यांचं उत्तर आलं, 'ओल्ड हॅबिट्स डाय हार्ड' आणि पुढे एक स्मायली. बाजूच्या टेबलवाला म्हणतो, अरे म्हणजे जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही! तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. एका 'सर'वरून एवढं बोलायचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : अहो, साहेब बिचारे चेष्टेत बोलले, घोळ बाजूच्या टेबलवाल्याने घातला. ती म्हण अर्थाने जवळची आहे, नाही असं नाही, पण 'खोड' म्हटलं की वाईटच, आणि ती म्हण आपण दुसऱ्याला टोचायलाच काढतो. शिवाय मराठीत माणूस मेला की खोड जाते, इंग्रजीत मरायचं असतं सवयीला आणि ती सुखासुखी मरत नाही, एवढंच. माझ्या आईकडे बटण दाबून पेटणारी शेगडी येऊन तीन वर्षं झाली तरी दूध तापवायला गेली की हात आधी खिळ्यावरच्या लायटरकडे जातो, मग स्वतःच हसते. हे वाक्य नेमकं अशा वेळचं, आणि लोक ते स्वतःबद्दलही सर्रास वापरतात.

'डाय हार्ड' म्हणजे झुंजत, चिवटपणे मरणं. १८११ साली स्पेनमध्ये अल्बुएराच्या लढाईत ब्रिटिश फौजेतले कर्नल इंग्लिस जखमी होऊन पडले तरी आपल्या ५७व्या पलटणीला 'डाय हार्ड!' असं ओरडून सांगत राहिले अशी गोष्ट आहे, त्या पलटणीला पुढे 'डाय-हार्ड्स' हेच नाव पडलं. आपण क्रिकेटवाल्यांना डाय-हार्ड फॅन म्हणतो तो शब्द याच घरातला. आणि हो, लिहिताना 'हार्डली' करू नका, पुष्कळ जण करतात. हार्डली म्हणजे जेमतेम, मग सवय जेमतेमच मरते असलं काहीतरी विचित्र होऊन बसतं.

साहेबांना आता एका ओळीत कळवा, 'सॉरी, फोर्स ऑफ हॅबिट', म्हणजे सवयीने हात तिकडे गेला. फक्त शेवटी 'सर' लावू नका.