घरची ब्रोकोली नेमकी कधी कापायची, आणि शिजवली की वास का सुटतो?

तुम्ही लिहिलंय की कुंडीत ब्रोकोली लावलीय, मधला गड्डा मुठीएवढाच झालाय, अजून मोठा होईल म्हणून थांबलाय आणि आता कडेकडेने पिवळट दिसायला लागलाय, तर थांबायचं की कापायचं. आणि दुसरं म्हणजे ब्रोकोली शिजवली की घरात उग्र वास पसरतो, तो का.

पहिल्याचं उत्तर, आजच कापा. खरंच, उद्यावर टाकू नका.

ब्रोकोलीत आपण जे खातो ना, त्या सगळ्या न उमललेल्या कळ्या असतात. तो हिरवा दाणेदार भाग म्हणजे शेकडो कळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या, आणि पिवळं दिसायला लागलं म्हणजे त्या उमलायला निघाल्या, फूल पिवळंच असतं ब्रोकोलीचं. एकदा हे सुरू झालं की गड्डा मोठा झाल्यासारखा वाटतो पण तो वाढत नसतो, नुसता सुटत असतो, आणि ऊन कडक असेल तर दोन-तीन दिवसांत सगळं फुलोऱ्यावर जातं. माझं पहिल्या वर्षी हेच झालं, रविवारी बघितला तेव्हा गड्डा छान घट्ट होता, म्हटलं अजून चार दिवस देऊ, गुरुवारी बघते तर अर्धा पिवळा. तेव्हापासून मी आकार बघतच नाही, कळ्या बघते. कडेची कळी अगदी जवळून बघायची, टाचणीच्या डोक्याएवढी, गच्च मिटलेली आणि गडद हिरवी असेल तर अजून थांबता येतं. पण कळ्या टपोऱ्या होऊन त्यांच्यामधे फट दिसायला लागली, किंवा अंगठ्याने हलकं दाबल्यावर गड्डा मऊ लागला, तर वेळ झाली, मग तो मुठीएवढा असो नाहीतर ताटाएवढा. थंडीत दोन दिवसांआड बघितलं तरी चालतं, ऊन वाढलं की रोज बघा.

थोडी पिवळी झालेली फेकू नका हं, ती खाता येते, फुलंसुद्धा खाता येतात, फक्त चव थोडी कडवट आणि पोत भुसभुशीत होतो.

आता कापायचं कसं, कारण इथेच बरेच जण चुकतात, गड्डा काढला की झाड उपटून टाकतात. असं अजिबात करू नका, माझ्या मते ब्रोकोली घरी लावण्याचा खरा फायदा गड्डा कापल्यानंतर सुरू होतो. सकाळी लवकर, झाड थंड आणि टवटवीत असतं तेव्हा, धारदार सुरीने गड्ड्याखाली साधारण १२ ते १५ सेंमी देठ ठेवून तिरका काप घ्या. तिरका अशासाठी की वरून पाणी पडलं तर ते ओघळून जावं, सपाट कापलं तर खोडाच्या टोकावर पाणी साचून तिथून कूज लागते. खालची पानं सगळी तशीच राहू द्या. मग थोडं कंपोस्ट घाला, पाणी नियमित ठेवा, आणि दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक पानाच्या बगलेतून छोटे छोटे फुटवे येतील, कोणी लिंबाएवढं, कोणी त्याहून लहान. ते कापत राहायचं, जितकं कापाल तितके येतात, एखादा जरी फुलायला सोडला तरी झाडाचा सगळा जोर बी धरण्याकडे जातो. हवा थंड असेल तर कितीतरी आठवडे हे चालतं आणि मला विचाराल तर हे फुटवे चवीला मोठ्या गड्ड्यापेक्षा भारी लागतात, देठ कोवळे असतात, सोलावेही लागत नाहीत.

गड्डा लहानच का राहिला? बहुतेक वेळा कारण खूप आधी घडून गेलेलं असतं. रोप छोट्या ट्रेमधे फार दिवस अडकलं, मुळं गोल गोल फिरली, मधे पाण्याची ओढ बसली किंवा नत्र कमी पडलं, की झाड घाबरून लवकर फुलायला बघतं आणि बटणाएवढा गड्डा धरतं. त्यामुळे पुढच्या वेळी बी सेंटीमीटरभर खोल पेरा, साधारण आठवड्यात उगवतं, आणि रोपाला चार-पाच खरी पानं आली, म्हणजे चार ते सहा आठवड्यांचं झालं, की लगेच मोठ्या जागेत हलवा. कुंडी निदान १५-२० लिटरची आणि एका कुंडीत एकच रोप, जमिनीत असेल तर दोन रोपांत ४५ सेंमी अंतर. दाटी केली तर गड्डे लहान येणारच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवा, ब्रोकोलीला १५ ते २० अंशांची थंड हवा मानवते, २७-२८ च्या वर सलग गेलं की गड्डा सैल होतो नाहीतर धरतच नाही, तेव्हा पेरणीची तारीख अशी निवडा की गड्डा धरायच्या वेळी थंडी असेल. लवकर येणाऱ्या जातींना पुनर्लागवडीनंतर ५५-६० दिवस लागतात, उशिराच्यांना ८० किंवा जास्त, तेवढे मागे मोजायचे.

अळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतेच, कारण कापलेल्या गड्ड्यात त्या निघणारच. पांढरी फुलपाखरं झाडाभोवती घिरट्या घालताना दिसली ना की समजायचं पानाखाली अंडी घातली गेलीत. अळी इतकी अचूक पानाच्या रंगाची असते आणि मधल्या शिरेला अशी लांब चिकटून पडते की समोर असून दिसत नाही, आधी दिसतात त्या तिच्या गडद हिरव्या लेंड्या, त्या दिसल्या की त्याच्या वरचं पान उलटं करायचं, तिथेच असते. मी हाताने वेचते आणि रोप लावल्या दिवसापासून बारीक जाळी टाकते, जाळी नंतर टाकून उपयोग नाही, अंडी आत राहतात. गड्डा कापल्यावर उलटा करून मिठाच्या गार पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा, आत लपलेल्या अळ्या आणि मावा बाहेर येतो, मग वाहत्या पाण्याखाली धुवा.

लगेच शिजवायची नसेल तर न धुता फ्रीजमधे, आणि सफरचंद किंवा पिकलेल्या केळ्यांपासून लांब ठेवा, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो त्याने ती झटकन पिवळी पडते.

आता वास. ब्रोकोली ही कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचीच सख्खी बहीण, शास्त्रीय भाषेत सगळ्यांची प्रजातीसुद्धा एकच, आणि या सगळ्यांत गंधक असलेली द्रव्यं असतात. जास्त वेळ शिजवलं की ती तुटून तो उग्र वास सुटतो. म्हणजे दोष ब्रोकोलीचा नाही, वेळेचा आहे. रंगाचंही तेच, सुरुवातीला ती झगझगीत हिरवी होते, तो क्षण गॅस बंद करायचा, कारण पुढे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि ती मळकट शेवाळी दिसायला लागते. वाफेवर चार-पाच मिनिटं पुरे, सुरी देठात शिरली पाहिजे पण थोडा अडथळा जाणवला पाहिजे. पाण्यात बुडवून उकळू नका, क जीवनसत्त्व पाण्याबरोबर ओतून देता तुम्ही.

माझी आवडती पद्धत म्हणजे भाजणे. तुरे कापडाने अगदी कोरडे पुसायचे (ओले असले तर भाजत नाहीत, वाफवले जातात), तेल-मीठ चोळून ट्रेमधे एकमेकांना न चिकटता पसरायचे आणि २२० अंशावर १५-२० मिनिटं, कडा काळपट कुरकुरीत झाल्या की वर लिंबू पिळायचं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मोठ्या आचेवर, ठेचलेला लसूण मात्र शेवटच्या मिनिटाला, नाहीतर जळतो. देठ टाकू नका, बाहेरची चिवट साल सोलली की आतला गर गोडसर असतो, पातळ चकत्या करून तुऱ्यांच्या दोन मिनिटं आधी घाला. कोवळी पानंसुद्धा पालेभाजीसारखी परतता येतात.

आणि एक करून बघा, तुरे चिरून अर्धा-पाऊण तास तसेच ठेवा आणि मग शिजवा. चिरल्यावर तिच्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि सल्फोराफेन तयार होतं, ज्याच्यासाठी ब्रोकोलीचं एवढं कौतुक होतं, थेट उष्णता दिली तर ते एन्झाइम आधीच मरतं. घाई असेल तर शिजवल्यावर वरून चिमूटभर कच्ची मोहरीची पूड, तिच्यातही तेच एन्झाइम असतं. घरात कोणी रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असेल तर मात्र ब्रोकोली एकदम जास्त सुरू करू नका, के जीवनसत्त्व भरपूर असतं, आधी डॉक्टरांना विचारा.

कापलीत की देठाच्या कापाकडे नीट बघा. आतून पोकळ निघाला तर घाबरू नका, खायला चालतो, फक्त नत्र जास्त होऊन झाड भराभर वाढलंय किंवा मातीत बोरॉन कमी आहे असा त्याचा अर्थ, मग फुटव्यांसाठी खत घालताना जरा हात आखडता ठेवा.