इम्प्रेशनिझम आणि पोस्ट-इम्प्रेशनिझम यांतला फरक चित्र बघून कसा ओळखायचा?

दोन्हीकडे रंगांचे सुटे फटकारे दिसतात, मग इम्प्रेशनिस्ट मोने आणि पोस्ट-इम्प्रेशनिस्ट व्हॅन गॉग यांना वेगळ्या खणांत का टाकतात, असं तुम्ही विचारलंय. फटकारे तूर्त बाजूला ठेवा आणि सावल्या बघा.

मोनेचं 'मॅगपाय' (1868–69) नेटवर मोठं करून पाहा. बर्फ, कुडाचं कुंपण, फाटकावर बसलेला एकच पक्षी. कुंपणाची बर्फावर पडलेली सावली निळसर-जांभळी आहे. उन्हातल्या बर्फावर सावली खरंच तशी दिसते, पण स्टुडिओत शिकलेला हात सवयीने तिथे करडा किंवा तपकिरी रंग लावायचा. मोनेने डोळ्यांवर विश्वास ठेवला. आपल्याकडे इम्प्रेशनिझमला दृक्प्रत्ययवाद म्हणतात तो याचसाठी. फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग त्याने 1892 ते 1894 या काळात तिसेक वेळा रंगवला. दगड तेच, प्रहर वेगळे. (शेवटचे हात मात्र घरी, जिव्हर्नीच्या स्टुडिओत. 'सगळं जागेवरच रंगवायचे' ही थोडी दंतकथाच.) बाहेर जाऊन भराभर रंगवणं सोपं झालं ते 1841 साली आलेल्या कथलाच्या ट्यूबमुळे. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत!

आता दुसरा खण. 'पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' हे नाव इंग्रज कलासमीक्षक रॉजर फ्रायने 1910 मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी काढलं. तोवर व्हॅन गॉग, सुरा, गोगँ, सेझान चौघेही वारले होते. त्यामुळे या चौघांत एक समान लक्षण शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. 'नुसता क्षण पुरत नाही' ही तक्रार सगळ्यांची, उपाय ज्याचा त्याचा.

सुराने ग्रांद जात बेटावरचा रविवार सुमारे दोन बाय तीन मीटरच्या कॅनव्हासवर ठिपक्याठिपक्यांनी रचला, त्याला दोनेक वर्षं लागली. माणसं पुतळ्यांसारखी ताठ. गोगँने 1888 मध्ये एका चित्रातली जमीन सरळ लालभडक करून टाकली. व्हॅन गॉगची 'तारांकित रात्र' (1889) दिवसाउजेडी रंगवलेली आहे, आणि त्यातलं गाव त्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसतच नव्हतं.

माझ्या मते यांत सर्वांत मोठा सेझान. त्याच्या 'सफरचंदांची टोपली' या स्थिरचित्रात टेबलाची कड नीट बघा. कापडाच्या डावीकडून कड आत जाते आणि उजवीकडून बाहेर येते ती भलत्याच पातळीवर. बाटलीही कललेली. चूक वाटते, पण त्याने डावी बाजू एका जागेवरून पाहिली आणि उजवी दुसऱ्या, असं धरलं की टेबल जमतं. पुढे पिकासो आणि ब्राक यांनी क्युबिझममध्ये (एकच वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवणाऱ्या शैलीत) हाच धागा उचलला.

सावलीची कसोटी (सावली डोळ्यांना दिसली तशी रंगीत, तर इम्प्रेशनिझम) दर वेळी चालेलच असं नाही. रेन्वाच्या 'ला लोज'मध्ये (1874) काळा रंग मुबलक आहे. देगा तर आठपैकी सात इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत होता, पण काम स्टुडिओत करायचा आणि उघड्यावर इझल मांडणाऱ्यांची टिंगल करायचा. त्याला ही कसोटी लावाल तर गंडाल.